दुर्बिणीच्या प्रकृतीची खरी हकिगत

तीर्थस्वरूप वन्संना,

पायांवर डोकं ठेवते आणि ते वर उचलायच्या आधीच क्षमा मागून घेते, म्हणजे पुढचं वाचताना आपल्याला मध्येच थांबायला नको. आपला गुडघा कसा आहे? कळ जिना चढताना येते की उतरताना, हे नीट ध्यानात ठेवून डॉक्टरांना सांगावं. मागच्या खेपेला आपण दोन्ही सांगितलंत आणि त्यांनी दोन्हींवर वेगवेगळं औषध दिलं. खोकला गेला असेल अशी आशा आहे. इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक. म्हणजे मी ठीक आहे, हे ठीक आहेत, आणि दुर्बीण... हे पत्र तिच्याविषयीच आहे.

या आठवड्याच्या सुरुवातीला फोनवर आपण म्हणालात की चिरंजीवांना त्यांची दुर्बीण आता परत हवी आहे, त्यांच्या ऑफिसातले कुणी साहेब तिच्यासाठी मागे लागलेत, आणि "तुमच्याकडे नुसती पडूनच असेल ना गं?" त्यावर मी "हो, आभाळ स्वच्छ आहे, पाणी पण वेळेवर येतंय" असं काहीतरी बोलले आणि फोन ठेवून दिला. आपल्याला वाटलं असेल, हिचं डोकं फिरलं. तसं नाही. हे शेजारच्या खुर्चीत बसून स्क्रू-ड्रायव्हर पुसत होते. त्यांच्यासमोर हा विषय काढायची माझी छाती झाली नाही, अजूनही झालेली नाही. म्हणून हे पत्र, तेही हे भाजी आणायला गेलेत तेवढ्यात (हल्ली आपण होऊन भाजीला जातात, ते का, ते पुढे येईल). दुर्बीण न्यायची की नाही हा निर्णय सर्वस्वी आपला आणि चिरंजीवांचा. वस्तू त्यांची आहे. पण न्यायची झाली तर ती आज कुठल्या अवस्थेत आहे हे आपल्याला कळायला हवं. रोज देवापुढे बसणाऱ्या बाईने खोटं लिहू नये, म्हणून काही न लपवता लिहिते.

आपण पार्सल पाठवलंत ("घरात अडगळ होते, त्याला तरी चाळा होईल" असं वर चिठ्ठीत लिहून), तेव्हा ह्यांना निवृत्त होऊन बरेच महिने झाले होते. तेवढे महिने हे खिडकीत बसून समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत होते. त्या भिंतीत काहीही नाही, मी स्वतः जाऊन बघितलं. एकदा विचारलं, "अहो, काय बघता?" तर म्हणाले, "ओळंब्यात नाही, कललीय." एवढंच, मग रात्रीच्या जेवणापर्यंत शब्द नाही. जन्मभर मोजणी खात्यात उन्हातान्हात फिरून लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस, आणि आता कुणी काही मोजायला बोलवत नाही. मी देवाला रोज म्हणायचे, बाबा रे, ह्यांना काहीतरी मोजायला दे. देवाने खोकं पाठवलं. खोक्यातून आधी निघाली ती तिवई. तीन पाय दिसल्याबरोबर हे खुर्चीतून उठले आणि एकेका पायावरून असा हात फिरवला, की लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले होते तेव्हा आमच्या गाईवरून मीही असा फिरवला नव्हता. सोबत इंग्रजी पुस्तिका होती, ती न उघडताच माझ्या हातात दिली. "तिवई उभी करायला मला पुस्तक लागत नाही." आणि खरंच लागलं नाही. पातळी दाखवणारा बुडबुडा त्यांनी बघता बघता बरोबर मध्यावर आणून बसवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही पगारवाढ झाली.

पण वन्सं, पुस्तक लागत होतं. ही दुर्बीण साधी नाही. नळकांडं ज्या मानेवर बसतं त्या मानेत मोटारी आहेत, आणि वायरीला लोंबणारा एक रिमोट आहे, त्यावर लाल अक्षरं उमटतात. तिला आधी सांगायचं की आपण राहतो कुठे, तारीख काय आणि वाजले किती. मग ती आपली आपण मान वळवून एका ठळक ताऱ्याकडे जाते. तो तारा कळा दाबून आपण तिला बरोबर मध्यावर आणून द्यायचा, मग तसाच दुसरा. दोन तारे ओळखीचे करून दिले की उरलेलं आभाळ तिचं तिला कळतं, आणि मग नाव निवडलं की ती त्या ग्रहासमोर जाऊन उभी राहते. (दोन माणसांची ओळख झाली की उरलेलं घर आपोआप कळतं, असं आपणही मला पहिल्या दिवशी म्हणाला होतात. मला बरीच वर्षं लागली, पण मला मोटार नव्हती.) मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, शब्दकोश मांडीवर घेऊन रोज थोडं थोडं वाचायचे आणि जेवताना ह्यांना सांगायचे, आणि हे "ते मला माहीत आहे" म्हणायचे.

आता नुकसानीकडे येते. पहिलं म्हणजे तिवईचे पाय. घरात तालीम चालू असताना फरशीवर ओरखडे नकोत म्हणून मी हळूच तिन्ही पायांखाली जुन्या रजईचे चौपदरी तुकडे सरकवले. त्या दिवशी हे बुडबुडा मध्यावर आणायचे, श्वास सोडायचे, आणि बुडबुडा निघून जायचा. मी स्वयंपाकघरातून चालत आले की बुडबुडा माझ्याकडे यायचा. ह्यांनी खोलीतली फरशी उखडून काढायच्या गोष्टी सुरू केल्या तेव्हा मी रजई कबूल केली. त्या ओढाताणीत तिवईच्या एका पायाचा रंग गेला आहे, हे आपण टिपून ठेवावं. दुसरं म्हणजे सेल. नवे आणायला हे निघाले होते, मीच अडवलं. घरात सेल असताना नवे कशाला? बॅटरीतले, रेडिओतले, माळ्यावरच्या बंद पडलेल्या घड्याळातले, ज्यांच्यात अजून थोडा जीव होता असे सगळे गोळा करून घातले. दुर्बीण ताऱ्याकडे निघाली, अर्ध्या वाटेत कण्हली, मान खाली टाकली, आणि लाल अक्षरांत पुन्हा विचारायला लागली की तुम्ही राहता कुठे. माझ्या आत्याचं शेवटी अगदी असंच झालं होतं. आणि तिसरं लिहायला हात धजत नाही. डोळा लावायच्या भिंगावर धूळ बसली होती, ती मी पदराने पुसली. पदर स्वच्छ होता, पण थोडा पिठाचा होता. ह्यांनी बघितलं आणि भिंतीला धरून खाली बसले. भिंगावर एक बारीक रेघ आहे. दिसत नाही, पण आहे.

गच्चीवर गेलो त्या पहिल्याच संध्याकाळचा गोंधळ तर पूर्ण माझा. तारीख झाली, गाव झालं, आणि मग यंत्राने विचारलं, डेलाइट सेव्हिंग, होय की नाही? हे माझ्याकडे बघायला लागले. मी पुस्तिकेचं ते पान अजून वाचलं नव्हतं. पण सेव्हिंग म्हणजे बचत एवढं मला कळतं, आणि बचतीला नाही म्हणायला माझी जीभच वळत नाही. "होय म्हणा," म्हटलं. (नंतर वाचलं. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, त्याबद्दलचा तो प्रश्न होता. आपण करत नाही. मग विचारायचं कशाला?) यंत्राने मुकाट एक तास इकडचा तिकडे केला, नुकत्याच वर आलेल्या ताऱ्याला शोधायला फार खाली गेलं, आणि आमच्याच इमारतीच्या, चौकापलीकडे राहणाऱ्या चेअरमनांच्या न्हाणीघराच्या खिडकीसमोर जाऊन ठाम उभं राहिलं. चेअरमन आतच होते. टॉवेल खांद्यावर टाकून ते तसेच वर आले.

"काका, हे काय चाललंय?"

"शनी बघतोय," हे म्हणाले.

"माझ्या बाथरूममध्ये?"

मी मध्ये पडून सगळा दोष माझ्याकडे घेतला, पण चेअरमन तापलेलेच. म्हणाले, तुमच्या खालच्या मजल्यावरच्यांची पण तक्रार आहे, डोक्यावर रोज कुणीतरी तीन पायांनी चालतं. आणि इमारतीला याचा फायदा काय? त्यावर ह्यांनी (एवढे महिने ज्यांच्या तोंडून एका वेळी दोन शब्द निघत नव्हते त्यांनी) सरळ सांगून टाकलं, की येत्या शनिवारी सगळ्या इमारतीला शनीचं कडं दाखवतो. चेअरमन म्हणाले, "ठरलं. दिसलं तर गच्चीची किल्ली तुमच्याकडे. नाही दिसलं तर गच्चीला कुलूप, आणि हे नळकांडं खाली." गच्ची गेली तर दुर्बीण ठेवून करायचं काय, आणि दुर्बीण गेली तर ह्यांची खुर्ची पुन्हा खिडकीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी आपला फोन आला, म्हणजे माझी काय अवस्था झाली असेल बघा. शिवाय बघायचं कुणाकडे, तर शनीकडे! जन्मभर ज्याची नजर चुकवत आले त्याच्याकडे आपण होऊन, यंत्र लावून, शेजाऱ्यांना बोलावून टक लावायची? मी त्याला आधीच सांगून ठेवलंय, की आम्ही फक्त कडं बघणार, तुझ्याकडे बघणार नाही.

आता घड्याळाचं ऐका. आमचं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं हे आपल्याला ठाऊकच आहे, ती पद्धत आपल्या आईंनीच घातली. घरात कुणी "किती वाजले" विचारलं की घड्याळात दिसतात तेवढे सांगायचे, आणि ज्याने त्याने आपापले दहा वजा करायचे. यात कुणाचं कधी बिघडलं नाही. तर बचतीचा प्रश्न मिटल्यावर, नवे सेल घालून, हे गच्चीवरून ओरडले, "किती वाजले?" मी खालून घड्याळातले सांगितले, आणि बुडबुड्याच्या नादात हे वजा करायला विसरले. दुर्बीण ताऱ्याच्या वर जाऊन मोकळ्या आभाळात उभी राहिली. ह्यांनी जवळचा कुठलातरी दुसराच तारा मध्ये आणला, त्यावर यंत्राने "जमलं नाही" असं लाल अक्षरांत लिहिलं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपलं घड्याळ पुढे आहे हे त्या बिचारीला कुठून कळणार? तिने आपल्यावर विश्वास टाकला आणि आपण तिला खोटी वेळ सांगितली. पापच हे. सकाळी उठल्याबरोबर मी घड्याळ बरोबर केलं, आणि चूक झाली होती हे ह्यांना कशाला सांगा, म्हणून गप्प राहिले. तिकडे ह्यांच्याही डोक्यात रात्री तोच प्रकाश पडला होता, आणि आपण वजा करायला विसरलो हे बायकोला कशाला सांगा, म्हणून तेही गप्प. संध्याकाळी "किती वाजले?" झालं, मी खरी वेळ सांगितली, ह्यांनी त्यातून मुकाट दहा मिनिटं वजा केली, आणि दुर्बीण ताऱ्याच्या खाली गेली. मला वाटलं माझं गणित चुकलं. मी घड्याळ पुन्हा पुढे केलं. ह्यांना वाटलं त्यांचं चुकलं. त्यांनी वजा करणं सोडलं. पुन्हा वर. "काल खाली, आज वर! हे यंत्र खुळं आहे," म्हणून ह्यांनी पुडकं बांधायला दोरी मागितली. मला रडूच फुटायचं राहिलं होतं. म्हटलं, "अहो, यंत्राचं काही नाही, मीच काल घड्याळ बरोबर केलं होतं."

"काल? मी तर काल दहा मिनिटं वजा केली."

"बरोबर केलेल्या घड्याळातून?"

"मला काय माहीत तू बरोबर केलंस!"

"मला तरी काय माहीत तुम्ही वजा केलंत!"

आणि हे हसले. वन्सं, मोठ्याने हसले, पोट धरून, दोरी हातात तशीच. निवृत्तीच्या समारंभापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. गच्चीखालच्या मजल्यावरच्यांनी दार उघडून बघितलं. तेव्हापासून आम्ही दोघंही घड्याळावर विश्वास ठेवत नाही. रेडिओवर बातम्यांच्या आधी जे टोले पडतात त्यांवर वेळ घालतो. त्या संध्याकाळी तारा दारात उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा समोरच होता. दुसऱ्या दिवसापासून हे भाजीला जायला लागले, कारण दोन पिशव्या तोलून दोन्ही हातांवर वजन सारखं येतं का ते बघता येतं म्हणे.

एक खोड मात्र अजून आहे. कळ दाबली की मान लगेच हलत नाही; आतल्या दात्यांमध्ये थोडी ढिलाई आहे, ती भरून निघेपर्यंत यंत्र विचार करतं आणि मग एकदम जातं. (जेवायला हाक मारल्यावर हे जसे येतात अगदी तसं. मला सवय आहे, ह्यांना नाही, ते चिडतात.) पुस्तिकेत लिहिलंय की शेवटचं मध्यावर आणताना फक्त वरची आणि उजवीकडची कळ दाबायची, म्हणजे ढिलाई एकाच बाजूला राहते. हे मी सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच "ते मला माहीत आहे" म्हणाले नाहीत. "पुन्हा वाच," म्हणाले.

तर आज शनिवार. संध्याकाळी सगळी इमारत गच्चीवर येणार. तिसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर खुर्ची घेऊन येणार आहेत, म्हणजे त्यांचा बराच वेळ बसायचा विचार दिसतो. माझा सकाळपासून जप तीनदा चुकलाय. काय व्हायचं ते होवो, पण मी दुर्बिणीची हकिगत खरी लिहिली आहे: पायाचा रंग उडालेली, भिंगावर रेघ पडलेली, पीठ लागलेली, हाक मारल्यावर उशिरा वळणारी. अशी वस्तू चिरंजीवांनी आपल्या साहेबांना देणं बरं दिसेल का, याचा विचार आपण मोठ्या आहात, आपणच करावा. गुडघ्याला शेक द्यावा आणि माझ्यावर राग धरू नये.

आपली धाकटी भावजय

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, वाफेवर धरून पुन्हा उघडलं आहे, म्हणून कडा फुगलेली दिसेल. संध्याकाळचं कळवायलाच हवं. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण तेवढंच लिहून थांबले असते तर ते खोट्यासारखंच झालं असतं. दुर्बीण चालते. दिवे लागल्यावर सगळे जमले, ह्यांनी दोन तारे मध्ये आणले, शनीचं नाव निवडलं, मोटार किरकिरत निघाली आणि थांबली. हे डोळा लावून उभे. चेअरमन खाकरले. मला वाटलं संपलं. मग हे बाजूला झाले आणि म्हणाले, "आधी तू बघ." वन्सं, तो आहे! टाचणीच्या डोक्याएवढा, पिवळसर, आणि भोवती खरोखरीचं कडं, मध्ये फट दिसते एवढं. मी त्याच्याकडेच बघत राहिले, कबूल केलेलं सगळं विसरून. चेअरमन डोळा लावून म्हणाले, "काका, आत चित्र चिकटवलंय का?" ह्यांनी भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं, परत बसवून पुन्हा डोळा लावला, आणि मग खाली जाऊन आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून वर घेऊन आले. त्या आजींनी बघितलं आणि विचारलं, "हा इतका लहान, आणि आपण ह्याला घाबरतो?" किल्ली ह्यांच्या खिशात आहे. कुणी मागितली नाही.

ता. क. दुसरा. म्हणून आता स्पष्टच लिहिते, दुर्बीण नेऊ नये. भिंगावरच्या रेघेचं वाचून आपलाच जीव तिच्यावरून उडेल असं मला वाटलं होतं, पण तो डाव माझा मीच वर मोडला आहे. चिरंजीवांना दुसरं काही हवं असेल तर सांगावं, शिवणयंत्र आहे, ते उत्तम चालतं.

ता. क. तिसरा. हे एवढ्यात आत आले आणि म्हणाले, "ताईला लिहितेस ना? दुर्बीण परत मागितली, त्याबद्दल?" मी पेनच खाली ठेवलं. म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणाले, "ताईचा आवाज फोनमधून दुसऱ्या खोलीत जातो, मी तर शेजारीच होतो." म्हणजे सगळं माहीत असून माणूस आठवडाभर तारे मध्यावर आणत बसला. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, "तू तरी कुठे बोललीस?" आता ह्यांचा निरोप जसाच्या तसा लिहिते: वस्तू भाच्याची आहे, त्याने खुशाल न्यावी. पण पार्सलने पाठवणार नाही. त्याने स्वतः यावं, माझ्यासमोर तिवई उभी करावी, बुडबुडा मध्यावर आणावा, दोन तारे लावावेत आणि मला शनी दाखवावा. मग मी स्वतः खोकं बांधून स्टेशनपर्यंत आणून देईन. ज्याला यंत्र लावता येत नाही त्याच्या हातात यंत्र द्यायचं नाही, हे खात्यातही मी पाळलं.

निरोप संपला. हे किल्ली घेऊन वर गेलेत, म्हणून पुढचं माझं. चिरंजीवांना जरूर पाठवावं, घर त्यांचंच आहे, चार दिवस राहावं, खावं, प्यावं. फक्त आभाळ गच्च भरलेलं असेल अशाच दिवसांत पाठवावं. तिकीट काढायच्या आधी मला विचारावं. मी रेडिओवर हवामान ऐकून कळवीन.